कोल्हापूर प्रकरणाची दुसरी बाजू

इ. स. १८८२ चें कोल्हापूर प्रकरण म्हटलें कीं टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगांतील १०१ दिवस आठवतात. पण ज्या मजकुरावरून ते तुरुंगांत गेले तो खरा नव्हता, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे व त्यांत दिवाण माधवराव बर्वे यांचें अंग आहे, अशी बोलवा होती. 'केसरी' व 'मराठा' यांनीं ती उचलून धरली. बर्व्यांचीं म्हणून कांहीं पत्रेंहि प्रसिद्ध झालीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तेव्हां तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरी चार महिन्यांची साधी कैद चुकली नाहीं.

बर्व्यांवर अन्याय झाला, हें आम्ही निःसंकोच मान्य करतों. खोट्या कागदानें गेलेली अब्रू दिलगिरीच्या चार ओळींनीं परत येत नाहीं. परंतु २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. वय अवघें वीस! पत्रें बनावट असलीं तरी महाराजांविषयींची काळजी निराधार नव्हती.

तोंड बंद करण्याचा सोपा मार्ग सरकारजवळ नुकताच होऊन गेला होता. लिटनसाहेबांच्या १८७८ च्या कायद्यान्वयें मॅजिस्ट्रेटनें छापखानेवाल्याकडून जामीन घ्यावा, प्रसंगीं यंत्रसामग्री जप्त करावी, आणि त्यावर न्यायालयांत दाद नसावी, अशी सोय होती. रिपनसाहेबांनीं १८८२ मध्यें तो रद्द केला. त्या वाटेनें गेलें असतें तर पत्रांबरोबर महाराजांची हकीकतहि दडपली गेली असती. खटल्यांत निदान पत्रांची उघड छाननी झाली, आणि शिक्षा झाली ती छापणारांस, वाचणारांस नव्हे.

याच कोल्हापुरांत ७ जून २०२३ रोजीं मोबाईलवरील मजकुरावरून दंगल उसळली, आणि जिल्ह्याचें इंटरनेट कांहीं काळ बंद ठेवण्यांत आलें. ज्यांनीं अक्षरहि लिहिलें नव्हतें त्या दुकानदारांचे व विद्यार्थ्यांचे व्यवहारहि त्यांत अडले. बनावट मजकूर आज घटकाभरांत गांवभर होतो, तेव्हां असा अडसर आम्ही सर्वस्वीं नाकारीत नाहीं. मात्र काश्मीरच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२० मध्यें सांगितल्याप्रमाणें तो हुकूम प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे लिटनसाहेबांच्या काळीं जी दाद नव्हती ती नागरिकास मागतां येईल.