मध्यंतर

मध्यंतर (नाम, नपुंसकलिंगी, अनेकवचन मध्यंतरे) : चालू प्रयोगाचे, कार्यक्रमाचे किंवा सामन्याचे दोन भाग पाडणारा, आधीपासून ठरलेला थांबा; हा थांबा ज्या क्षणी येतो तो क्षण; व्यापक अर्थाने, दोन घटनांमधला काळ. पहिले दोन अर्थ आज रूढ आहेत. तिसरा अर्थ नामात फारसा उरलेला नाही. तो ‘मध्यंतरी’ या क्रियाविशेषणात आणि ‘मध्यंतरीचा काळ’ यासारख्या प्रयोगांत टिकून आहे.

व्युत्पत्ती व रूप : मध्य + अंतर. संस्कृत संधिनियमाने या दोन शब्दांचे ‘मध्यांतर’ व्हायला हवे. देशांतर, रूपांतर, वेषांतर हे शब्द त्याच नियमाने बनले आहेत, आणि हिंदीत ‘मध्यांतर’ हेच रूप चालते. मराठीने मात्र ऱ्हस्व अकाराचे रूप पसंत केले. ‘मन्वंतर’ या शब्दाशी त्याचे साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. तिथे मनु + अंतर असा विग्रह असून उकाराचा वकार झाला आहे. कुलटा, मार्तंड या शब्दांत दोन अकार एकत्र येऊनही दीर्घ होत नाहीत. त्या पररूप संधीचा दाखला मध्यंतरालाही देता येईल. पण बोलण्यातली झीज हे कारण अधिक सरळ वाटते. मराठी मजकुरात ‘मध्यांतर’ही छापलेले आढळते. व्याकरणाने ते चुकीचे म्हणता येत नाही, इतकेच.

‘अंतर’ या घटकाच्या मराठीत अनेक छटा आहेत. मोजता येते ते अंतर, दोन गोष्टींतला फरक म्हणजे अंतर, आणि मनाचा आतला भाग म्हणजेही अंतर. ‘अंतर देणे’ म्हणजे साथ सोडणे. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरतात तो अंतरपाट. मध्यंतरातला ‘अंतर’ या अंतरपाटाच्या जवळचा आहे, कारण तोही काही काळापुरताच मध्ये येतो आणि दूर होणार हे सर्वांना ठाऊक असते.

मध्यंतरी : -ई हा सप्तमीचा जुना प्रत्यय लागून झालेले रूप, घरी, दारी याच जातीचे. जुन्या छपाईत ते ‘मध्यंतरीं’ असे अनुस्वारासह दिसते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, तेव्हा हाही गेला. आजच्या बोलण्यात ‘मध्यंतरी तो भेटला होता’ याचा अर्थ ‘दोन भेटींच्या मधल्या काळात’ असा क्वचितच असतो. ‘काही दिवसांपूर्वी, नक्की केव्हा ते सांगण्याची गरज नाही’ असा असतो. मधल्या काळासाठी वृत्तपत्रांनी फारसीतून आलेला ‘दरम्यान’ हा शब्द उचलला आणि बातमीतला परिच्छेद बदलण्यासाठी तो इतका वापरला, की पुष्कळदा त्याला काळाचा अर्थच राहत नाही.

विभक्तीप्रमाणे होणारा अर्थभेद कोशांत सहसा नोंदवला जात नाही. तो नोंदवण्याजोगा आहे. ‘मध्यंतरात’ म्हणताना तो एक काळ असतो: मध्यंतरात चहा घेतला. ‘मध्यंतराला’ म्हणताना तो एक बिंदू असतो: मध्यंतराला संघ सात गुणांनी पुढे होता. ‘मध्यंतरापर्यंत’ आणि ‘मध्यंतरानंतर’ या रूपांत तो हद्दीचा दगड होतो; पूर्वार्ध व उत्तरार्ध हे शब्द न उच्चारता कार्यक्रमाचे दोन भाग दाखवता येतात. ‘मध्यंतरानंतर नाटक ढिले पडते’ या वाक्यात प्रत्यक्ष थांब्याविषयी काहीच म्हटलेले नसते.

जवळचे शब्द : मधल्या थांब्याला मराठीत एकच शब्द नाही, प्रसंगानुसार तो बदलतो. शाळेत मधली सुट्टी, कचेरीत किंवा कारखान्यात जेवणाची सुट्टी, एसटीच्या प्रवासात थांबा, वारीत पालखीचा विसावा. विसावा आणि मुक्काम यांतही वारकरी भेद करतात. रात्र काढायची तो मुक्काम, वाटेत टेकायचे तो विसावा. पाऊस थांबला की त्याने उघडीप दिली किंवा उसंत घेतली, असे म्हणतात. हजेरीत पडतो तो खाडा, परंपरेत पडतो तो खंड. न्यायालयात सुनावणी तहकूब होते, लढाईत युद्धविराम होतो. यांपैकी कशालाही मध्यंतर म्हणत नाहीत, आणि यातूनच त्या शब्दाची मर्यादा लक्षात येते. थांब्यानंतर तेच काम, त्याच मंडळींकडून, ठरल्या वेळी पुन्हा सुरू होणार अशी खात्री असावी लागते, आणि ते पाहणारा किंवा ऐकणारा कोणीतरी समोर असावा लागतो. उघडिपीत ती खात्री नाही, खंडात तर नाहीच. मधल्या सुट्टीत खात्री आहे, पण प्रेक्षक नाहीत.

‘अंतरिम’ (आदेश, अर्थसंकल्प) आणि ‘मध्यावधी’ (निवडणूक) हे शब्द दिसायला जवळचे असले, तरी त्यांत थांबा अभिप्रेत नाही. छंदःशास्त्रातला यति हा मात्र खरा थांबा आहे. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांच्या चरणात तो बाराव्या अक्षरानंतर येतो, शिखरिणीत सहाव्यानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर. शब्द मध्येच तुटला तर यतिभंगाचा दोष मानतात.

संस्कृत नाटक : अंकांमधला काळ रिकामा सोडायचा नाही, अशी संस्कृत नाट्यशास्त्राची भूमिका आहे. दोन अंकांच्या दरम्यान घडलेले, पण रंगभूमीवर न दाखवलेले कथानक विष्कंभक किंवा प्रवेशक या छोट्या जोडप्रवेशांतून कळवले जाते. प्रवेशकात केवळ हलक्या दर्जाची मानलेली पात्रे असतात, हा दोहोंतला मुख्य भेद. ‘शाकुंतला’तील दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाआधीच्या विष्कंभकात ऐकू येतो, आणि अंगठी सापडलेला कोळी सहाव्या अंकाआधीच्या प्रवेशकात भेटतो. म्हणजे नाटकाला वळण देणाऱ्या दोन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या अंकांच्या मधल्या जागेत घडतात. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्या व दुसऱ्या अंकांमध्ये बारा वर्षे लोटलेली आहेत, आणि ती आत्रेयी व वनदेवता वासंती यांच्या संवादातून प्रेक्षकाला समजतात.

मराठी रंगभूमी : विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून मराठी नाटकाचा आरंभ सामान्यतः मानला जातो. या आख्यानवजा खेळांत आजच्या अर्थाचे मध्यंतर नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचा साचा तयार झाला. अनेक अंक, त्यांत अनेक प्रवेश, भरपूर पदे आणि पदांना पडणारे वन्समोर यांमुळे रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. अंक संपला की पडदा पडे आणि थांबा येई. त्यामुळे पाच अंकी नाटकाला एक मध्यंतर नसून अनेक असत. प्रवेश बदलताना थांबावे लागू नये, म्हणून पुढच्या बाजूस रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यासमोर एखादा छोटा प्रवेश उरकत आणि मागे महालाची किंवा बागेची मांडणी करून घेत. विनोदी पात्रांना मिळालेले कित्येक प्रवेश या सुतारकामाच्या सोयीतून आले असावेत. नाट्यसमीक्षेने त्यांचे श्रेय मात्र नाटककाराच्या रसदृष्टीला दिले आहे.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. वास्तववादी नेपथ्य आणि आटोपशीर रचना यांचा आग्रह त्यानंतर वाढला. बदलत्या पडद्यांच्या जागी दिवाणखान्याचा एकच देखावा आला, प्रवेश कमी झाले, आणि तीन अंक व दोन मध्यंतरे हा बेत बराच काळ स्थिर राहिला. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) तीन अंकीच आहे. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर दोन अंक व एक मध्यंतर असा प्रघात पडला, आणि जाहिरातीत ‘दोन अंकी नाटक’ हे शब्द रूढ झाले. याचे कारण म्हणून नाट्यगृहांची सकाळ-दुपार-रात्र अशी सत्रे, प्रेक्षकांची शेवटची लोकल आणि चित्रपटाची सवय ही तिन्ही सांगितली जातात. तिन्हींचा वाटा कमी-अधिक असावा.

एकच मध्यंतर राहिल्यामुळे पहिल्या अंकाच्या शेवटाला फार महत्त्व आले. नाटकवाल्यांच्या भाषेत त्याला ‘पहिल्या अंकाचा पडदा’ म्हणतात. पडदा ‘चांगला पडला’ म्हणजे प्रेक्षक बाहेर जाऊन त्याच गोष्टीविषयी बोलत राहिला. रहस्यनाट्यात तिथे संशय बदलतो, कौटुंबिक नाटकात गौप्यस्फोट होतो, फार्समध्ये गोंधळ कळसाला जातो. या सवयीला कंटाळलेल्या लेखकांनी मध्यंतराविना चालणारा दीर्घांक हा प्रकार हाताळला. लांबीने तो एकांकिकेहून मोठा असतो. पण अंक पाडत नाही, त्यामुळे बाहेर पडण्याची वाटही ठेवत नाही. याच्या उलट टोकाला महेश एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा आहे. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके १९९४ मध्ये आविष्कार संस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली. त्या दिवसभराच्या प्रयोगात मध्यंतर हा प्रेक्षकाच्या सहनशक्तीचा भाग होता.

नाट्यगृहात मध्यंतर साधारण दहा-पंधरा मिनिटांचे असते. प्रयोगाच्या आरंभी तीन घंटा होतात. मध्यंतर संपतानाही घंटा देऊन प्रेक्षकांना आत बोलावतात. दादरचे शिवाजी मंदिर, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (उद्घाटन २६ जून १९६८), पार्ल्याचे दीनानाथ नाट्यगृह अशा ठिकाणी मध्यंतर आणि बटाटावडा यांचे नाते पक्के आहे. नाटक पडले पण वडा चांगला होता, हा शेरा जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी अजून ऐकू येतो. आत रंगपटात याच वेळेत वेशभूषा बदलते, नेपथ्य हलते आणि ओळखीचे लोक कलावंतांना भेटून जातात.

मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या आणि गोव्यात रुजलेल्या कोंकणी तियात्राने दोन पडद्यांमधली जागा वेगळ्या रीतीने वापरली आहे. तिथे कथानकाशी संबंध नसलेली गाणी, म्हणजे कांतारां, गायली जातात. राजकारण्यांवरची टीका आणि ताज्या घडामोडी त्यांत येतात. पुष्कळ प्रेक्षक मुख्यतः त्यांच्यासाठीच जातात.

कीर्तन : नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण संपल्यावर आणि उत्तररंगातील आख्यान सुरू होण्यापूर्वी मध्यंतर होते. या वेळी नामगजर किंवा भजन चालते. कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावतात, आणि साथीदार एखादे पद म्हणतो. कीर्तनकार गादीवरून हलत नाही आणि श्रोतेही उठत नाहीत. त्यामुळे हा थांबा बोलण्याचा आहे, कार्यक्रमाचा नाही.

संगीत मैफल : मध्यंतरापूर्वी विस्ताराचा राग, नंतर तुलनेने लहान चिजा, नाट्यपद, अभंग व शेवटी भैरवी, अशी मांडणी प्रचलित आहे. वाद्ये पुन्हा जुळवून घेणे हा मध्यंतराचा व्यावहारिक उपयोग.

चित्रपट : ३५ मिलिमीटर फिल्मचे १,००० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटी या वेगाने सुमारे अकरा मिनिटे चालते. एकच प्रक्षेपक असलेल्या चित्रगृहात रीळ बदलताना थांबावेच लागे. दोन प्रक्षेपक आल्यावर ही गरज संपली, तरी भारतात मध्यंतर राहिले. नाटकाची सवय आणि उपाहारगृहाचे उत्पन्न ही त्याची कारणे मानली जातात. पडद्यावर ‘मध्यंतर’ ही अक्षरे येत असली, तरी प्रेक्षक बोलताना ‘इंटरव्हल’च म्हणतो. राज कपूर यांच्या ‘संगम’ (१९६४) व ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) यांना दोन मध्यंतरे होती. यश चोप्रा यांच्या ‘इत्तेफाक’ला (१९६९) एकही नव्हते. मध्यंतराची कल्पनाच नसलेले परदेशी चित्रपट इथे दाखवताना चित्रगृहचालक ते सोयीच्या जागी थांबवतो, आणि ती जागा पुष्कळदा वाक्याच्या मध्यावर येते. मध्यंतरात बाहेरचे पदार्थ खाण्याचा वाद न्यायालयांपर्यंत गेला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणू न देण्याचा चालकांचा हक्क मान्य केला. पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे, असेही सांगितले.

क्रीडा : ‘मध्यंतर’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत सर्वाधिक वेळा बहुधा कबड्डी आणि खो-खोच्या बातम्यांत छापला जात असावा. कबड्डीत २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती असते, त्यानंतर संघ बाजू बदलतात. फुटबॉलमध्ये मध्यंतर १५ मिनिटांहून अधिक नसते. कसोटी क्रिकेटमधील थांब्यांना मात्र मध्यंतर न म्हणता उपाहार (४० मिनिटे) आणि चहापान (२० मिनिटे) म्हणतात, बहुधा दिवसाचे दोनऐवजी तीन भाग पडतात म्हणून.

दूरचित्रवाणी : ठरलेल्या थांब्याला ‘ब्रेक’ आणि अनपेक्षित थांब्याला ‘व्यत्यय’ म्हणतात; ‘मध्यंतर’ रूढ नाही.