आखाजीचा हिशेब

खानदेशात वर्षं दोन असतात. एक गुढीपाडव्याला सुरू होतं, ते कॅलेंडरचं. दुसरं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते शेताचं. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत असतात, घरोघरी आमरस असतो, आणि त्याच दिवशी गावातल्या कितीतरी माणसांची नोकरी संपते आणि नवी सुरू होते. ही माणसं म्हणजे सालदार. या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत एका शेतकऱ्याकडे राबायचं, त्याचा ठरलेला मोबदला म्हणजे ‘साल’. त्यातली काही रक्कम आधीच हातात पडते, ती ‘उचल’. बाकीचे पैसे लागतील तसे मागायचे. पुढच्या आखाजीला हिशेब मिटवायचा.

कागदावर हा बारा महिन्यांचा साधा करार आहे. प्रत्यक्षात नंदुरबार जिल्ह्यात अनेक आदिवासी कुटुंबांचा हिशेब पिढ्यानपिढ्या मिटला नाही. का मिटला नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मी शहादा तालुक्यातला. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्या वयाच्या लोकांच्या गप्पांत हल्ली ईएमआय, क्रेडिट कार्ड आणि लोन अ‍ॅप नसतात असं होत नाही. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: बाहेरचं खाणं कमी करा, बजेट लिहा, मनावर ताबा ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्यांत एक गृहीतक दडलेलं असतं, की कर्ज फिटत नसेल तर दोष कर्जदाराच्या स्वभावात आहे. आमच्या जिल्ह्याचा इतिहास वाचताना मला वेगळीच गोष्ट दिसत गेली. कर्ज फिटणार की नाही, हे बऱ्याचदा तीन गोष्टींवर ठरतं: हिशेब कोण लिहितो, तो मिटण्याची तारीख खरी आहे का, आणि कर्जदाराला दुसरीकडे जायला वाट आहे का.

शंभराचे पाचशे

आपल्याकडे ‘दामदुपट’ नावाचा जुना नियम होता. व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शंभर दिले असतील तर फार तर दोनशे. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंसाठी हा नियम मानला होता.

मग सावकाराचे शंभर पाचशेवर कसे जायचे? १८५५ साली इंग्रज सरकारनं व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा काढून टाकली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर तो बुडीत. व्याज साचत राहू नये, असा हेतू होता. झालं उलटं. तिसरं वर्ष संपत आलं की सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि जुनं मुद्दल अधिक व्याज हे नव्या रोख्याचं मुद्दल झालं.

गणित करून बघा. शंभर रुपये, महिन्याला शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९६. नवव्या वर्षी ५०९. एकाही रोख्यावर व्याज मुद्दलापेक्षा जास्त होत नाही, त्यामुळे दामदुपटीचा नियम कुठेच मोडलेला दिसत नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर दर तीन वर्षांनी मोजणी रीसेट होत होती.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्याला हवं तेवढं कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांनी मुख्यतः जाळलं ते काय, तर कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. राग कशावर होता, ते यातून कळतं.

त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. आणि शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. दीडशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, की हिशेबाची प्रत कर्जदाराच्या हातात असणं हाच निम्मा बचाव आहे. मात्र सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. कापूस पिकवणारा आमचा खानदेश त्या यादीत नव्हता.

आधी जमीन, मग वर्ष

आजच्या नंदुरबारचा उत्तर भाग सातपुड्यात आहे आणि शहादा, तळोद्याची काळी जमीन तापीच्या खोऱ्यात. (जिल्हा म्हणून नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला.) २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात दर दहा माणसांपैकी सुमारे सात आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, कोकणी, मावची आणि इतर. तरी सपाटीवरच्या सुपीक जमिनी मोठ्या प्रमाणात बिगरआदिवासींकडे गेल्या. कधी गहाणवटीतून, कधी खंडानं दिलेली जमीन परत न आल्यानं, कधी पावसाळ्यात घेतलेल्या धान्याच्या बदल्यात.

या शेवटच्या प्रकाराला आदिवासी भागात ‘पालेमोड’ म्हणतात. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं. तेव्हा सावकाराकडून मापभर धान्य आणायचं आणि पीक आलं की दुपटीनं, कधी त्याहून जास्त परत करायचं. चार-पाच महिन्यांत दुप्पट. याला वार्षिक व्याजदर लावायला गेलं, तर आपल्या कुठल्याही क्रेडिट कार्डाला लाजवेल असा आकडा येतो.

जमीन गेल्यावर माणसाकडे तारण ठेवण्यासारखं एकच उरतं, ते म्हणजे पुढचं वर्ष. सालदारीतली उचल हे त्या वर्षावर काढलेलं कर्जच.

इथं मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं, कारण आम्ही या हिशेबाच्या लिहिणाऱ्या बाजूला होतो. आमच्याकडे सालदार असत. आजोबांची लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही अजून घरात आहे, १९८० च्या दशकातली. प्रत्येक सालदाराला एक पान. पानावर नोंदी: लग्नाला दिले, दवाखान्याला दिले, दादर दिली इतके मण, खाडे इतके. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्याचे पैसे वजा. वर्षाच्या शेवटी बेरीज आणि अंगठा. बहुतेक पानांवर सगळ्यात वरची ओळ तीच असे: ‘मागील बाकी’.

आजोबा खोटं लिहीत होते असं मला वाटत नाही. पण अंगठा देणाऱ्याला ते पान वाचता येत नव्हतं आणि त्याच्याकडे त्याची प्रत नव्हती. खाडा आजारपणाचा होता की आळसाचा, दादर कोणत्या भावानं लावली, हे सगळं एकाच माणसानं ठरवायचं. अशा व्यवस्थेत लिहिणारा प्रामाणिक असला, तरी बाकी शून्यावर येण्याची घाई त्याला नसते.

शहाद्यात काय घडलं

या भागात कर्जाविरुद्धची पहिली हाक संतांच्या तोंडून आली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याजवळच्या मोरवडचे गुला महाराज दारू सोडा, स्वच्छ राहा असं सांगत होते आणि हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमत. ही शिकवण धार्मिक होती तशीच घरखर्चाचीही होती, कारण उचलीचा मोठा वाटा दारूत जायचा.

१९७० च्या सुमारास पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, सालदार आणि भूमिहीनांना एकत्र करू लागले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून झालेल्या संघर्षात एका आदिवासीचा बळी गेला आणि तालुका ढवळून निघाला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यात वाहरू सोनवणेंसारखे इथले तरुण होते, तसे बाहेरून आलेले कार्यकर्तेही. त्यांतले कुमार शिराळकर इंजिनिअर होते. २०२२ साली गेले, तोवर ते या जिल्ह्याशी जोडलेले राहिले. अभियांत्रिकीची पदवी घेऊन माणूस काय काय करू शकतो, याचं आमच्या कॉलेजात कुणी न सांगितलेलं हे उदाहरण.

संघटनेच्या मागण्या आज वाचल्या तर अगदी साध्या वाटतात: गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराचं साल वाढवा, कामाचे तास ठरवा, आठवड्याला सुट्टी द्या. सुट्टीची मागणी हिशेबाचीही आहे, हे मला वहीतले खाडे बघून कळलं. सुट्टी हक्काची झाली की त्या दिवसाचा खाडा लागत नाही, आणि बाकी तेवढी कमी वाढते.

१९७२-७३ मध्ये बायका पुढे आल्या. गावोगावी त्यांनी दारूचे अड्डे गाठून मडकी फोडली. घरातली मारहाण थांबावी हा हेतू होताच. पण उचल घरी पोचण्याआधी कुठे मुरते, हेही त्यांनाच सगळ्यात नीट माहीत होतं.

त्याच वेळी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता आणि सरकारी कामं निघाली. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. दगड फोडण्याचं काम कुणाला हौसेचं नव्हतं. पण उचल न घेता रोजचा पैसा मिळतो, हे त्यातून दिसलं, आणि सौदा करताना माणसाला दुसरी वाट दिसणं ही मोठी गोष्ट असते.

मग कायदे आले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा. छोट्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची सावकारी कर्जं रद्द करणारा महाराष्ट्राचा १९७५ चा कर्जमुक्ती कायदा. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवणारा १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. त्याच वर्षी पालेमोड रोखण्यासाठी आणखी एक कायदा झाला.

आमची वही या सगळ्या कायद्यांनंतरची आहे. ‘मागील बाकी’ तरीही होती. कर्ज कायद्यानं रद्द झालं तरी श्रावणात घरातलं धान्य संपायचं थांबत नाही आणि सावकार सोडून दुसरं दार नसेल, तर माणूस पुन्हा तिथंच जातो. हे ओळखूनच सरकारनं आदिवासी विकास महामंडळामार्फत ‘खावटी’ कर्ज सुरू केलं: पावसाळ्यात पोटापुरतं धान्य आणि थोडी रोख. कोविडच्या वर्षात, २०२० मध्ये, त्याचं अनुदान झालं: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत.

उचल अजून आहे

सालदारी कमी झाली, उचल गेली नाही. पावसाळ्यात मुकादम गावात येतो, उचल वाटतो, आणि दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बारडोली पट्ट्यात तोडीला येणाऱ्या खानदेशी मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी कित्येक वर्षं लिहिलं आहे. हंगाम संपल्यावर उचल वळती होते. वही मुकादमाची.

आता शहरातली वही बघू. गावात कुणी ‘तीन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणालं, तर ते महिन्याला असतात हे आम्हाला लहानपणापासून कळतं. क्रेडिट कार्डावर ३.५ टक्के लिहिलेले असतात, तेही महिन्याचेच, वर्षाचे ४२. समजा ५०,००० थकले आणि तुम्ही ‘किमान रक्कम’ म्हणून २,५०० भरलेत. त्यातले १,७५० व्याजाला गेले, व्याजावरचा जीएसटी ३१५. मुद्दल घटलं ४३५ रुपयांनी. त्या महिन्यात पाचशेचा पिझ्झा मागवला, तर बाकी वाढली. एक अ‍ॅप फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज, जुन्यात मिसळून दिलेलं टॉप-अप, ही सगळी नव्यानं लिहून घेतलेल्या रोख्याची भावंडं.

सालदाराची आणि आपली परिस्थिती सारखी नाही. त्याच्यावर भुकेची सक्ती होती. आपल्याला वाचता येतं, नोकरी बदलता येते, कायद्यानं हिशेब मागता येतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार वार्षिक खर्चाचा एकूण दर लिहिलेलं पत्रक आधी द्यावंच लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्ज परत करता येतं. १८७९ च्या पासबुकाचाच हा वंशज. पण ते पत्रक उघडून न पाहता ‘मला मान्य आहे’ वर टेकवलेलं बोट हा अंगठाच असतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात सालदार मिळेनासे झालेत. साल लाखाच्या घरात गेलं तरी शेतकऱ्यांनाच शोधत फिरावं लागतं. माणसांना गुजरातेतले कारखाने दिसले, बांधकामं दिसली, पोरं शिकली. दुसरी वाट दिसली तसा भाव बदलला.

तेव्हा येत्या आखाजीला एक काम करा. फोनमधली सगळी कर्जं एका कागदावर स्वतःच्या हातानं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: वर्षाचा दर, आज उरलेलं मुद्दल, आणि बाकी शून्य होण्याची तारीख. ज्याचा दर सगळ्यात जास्त, त्याच्यावर हाताशी असलेला जादा पैसा आधी घाला. ज्याच्यापुढे तारीख लिहिताच येत नाही, त्या खात्यावर नवा खर्च त्याच दिवशी बंद करा. कागद सांभाळून ठेवा आणि पुढच्या आखाजीला काढून बघा.