टाकी : घरगुती यंत्रांची दुरुस्ती व इतिहासाचें साधन

छत्रपति संभाजीनगर ऊर्फ औरंगाबाद येथें येणारा पाहुणा बीबीचा मकबरा पाहून परततांना बहुधा पाणचक्कीपाशीं थांबतो. ही चक्की कोणीं बांधली, केव्हां बांधली आणि कोणासाठीं बांधली, असे तीन प्रश्न तो विचारतो. आम्ही शाळेंत असतांना मुलांस घेऊन तेथें अनेक वेळां गेलों, आणि या तीन प्रश्नांचीं उत्तरें आम्हांस मुखोद्गत झालेलीं होतीं. एके वर्षीं मात्र एका मुलानें चौथा प्रश्न केला : "सर, हिचा दगड झिजल्यावर काय करीत असत?" त्या दिवशीं आम्हीं कशीबशी वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चौथ्या प्रश्नाचें विलंबानें दिलेलें उत्तर होय.

पहिल्या तीन प्रश्नांचा परामर्श संक्षेपानेंच घेतों. मलिक अंबरानें खडकी वसविली ती सन १६१० मध्यें. पुढें त्यानेंच उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचें भूगर्भांतील पाणी बंद मार्गानें शहरांत आणलें. ती नहर त्याच्याच नांवानें नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. सन १६२६ मध्यें तो निवर्तला. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, सन १६५३ च्या सुमारास, शहरास औरंगाबाद हें नांव मिळालें, आणि कालांतरानें याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. त्यांपैकीं एक खाम नदीच्या कांठीं, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहांत आली. हे नक्शबंदी पंथाचे साधु मध्य आशियांतून येथें आलेले. चक्की उभारल्याचें श्रेय तुर्कताज खान या सरदारास दिलें जातें. सालाविषयीं मात्र ग्रंथकारांत एकवाक्यता नसून १६९५ व १७४४ अशीं दोन सालें दिलेलीं आढळतात. येथें दळलेलें पीठ खानकाहांतील फकीर, शिष्य व पांथस्थ यांच्या अन्नास लागे. येथवरची हकीकत सर्वश्रुत आहे.

आतां यंत्राची रचना पाहूं. उंचावरून पडणारी पाण्याची धार खालच्या बाजूस आडव्या बसविलेल्या चाकाच्या पात्यांवर आपटते. चाकाचा कणा उभा असून त्याच्याबरोबर वरची तळी फिरते; खालची तळी स्थिर असते. मध्यें दांतेरी चाकांचा पसारा नाहीं. थोडक्यांत, आपल्या घरांतलें जातें तेंच हें. बाईच्या हाताच्या जागीं पाणी आलें इतकाच भेद. अशा यंत्रांत बिघडण्याजोगें थोडें, परंतु झिजण्याजोगें पुष्कळ. पातीं झिजतात, कण्याचें टोंक झिजतें, आणि सर्वांत अधिक झिजतात त्या दोन तळ्या. शिवाय पाणी आणणारे खापरी नळ आहेतच. नळांत हवा कोंडली म्हणजे प्रवाह अडतो, म्हणून नहरीच्या वाटेवर उंच खांब बांधून हवा सोडण्याची योजना केलेली होती. अंबरी नहरीवर तर ठिकठिकाणीं माणसास आंत उतरतां येईल अशीं तोंडें ठेविलीं होतीं. गाळ उपसावयाचा, मुळ्या तोडावयाच्या, सांधे पाहावयाचे, तें या तोंडांतून.

या तोंडांकडे इतिहासाच्या अभ्यासकानें लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. ज्यानें नहर बांधली त्यानें बांधतांनाच दुरुस्तीची वाट ठेविली होती; म्हणजे आपलें काम अपुरें असून पुढील पिढ्यांनीं तें रोज थोडेंथोडें पुरें करावयाचें आहे, हें त्यानें ओळखलें होतें. ज्या दिवशीं त्या तोंडांत उतरणारा माणूस उरला नाहीं, त्या दिवशींच नहरीचें आयुष्य सरत आलें. दगड मात्र पुढेंही कित्येक वर्षें जागच्या जागीं राहिले. आज शहराचें पाणी पैठणजवळच्या नाथसागरांतून पंपांनीं चढवून आणलें जातें. जायकवाडीच्या या धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. नव्या व्यवस्थेविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु नहर कोणीं बांधली तें आपणांस ठाऊक आहे, आणि ती तीन शतकें कोणीं वाहती ठेविली त्यांपैकीं एकाचेंही नांव कोणाच्या जिभेवर नाहीं, हें वैषम्य विचार करण्यासारखें आहे.

चौथ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आम्हांस पाणचक्कीपर्यंत जावें लागलें नाहीं. तें आमच्याच घरांत जिन्याखालीं पडलें होतें. मातोश्रींचें जातें काळ्या दगडाचें. त्यांच्या पश्चात् तें वापरांतून गेलें. दगड झिजला म्हणजे काय करावयाचें, तें मातोश्रींनीं आम्हांस लहानपणीं अनेकदां दाखविलें होतें; तेव्हां आम्हीं अमरकोश पाठ करीत होतों म्हणून तिकडे पाहिलें नाहीं! दगडाचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला म्हणजे दाणा नुसता घरंगळतो, हात भरून येतो, पीठ तापतें आणि जाडेंच पडतें. मग टाकीनें, म्हणजे दगड घडविण्याच्या छिन्नीनें, दोन्ही तळ्यांवर बारीक खांचे पाडावे लागतात. यासच जात्यास टाकी लावणें म्हणतात. टाकी लावल्यावर पहिलें दळण जाड्याभरड्या धान्याचें घालून टाकून द्यावयाचें, म्हणजे कच निघून जाते.

टाकी हा शब्द संस्कृत टङ्क या शब्दाशीं जोडला जातो, आणि टङ्क म्हणजे पाषाण फोडण्याचें हत्यार असाच अर्थ अमरसिंहानें दिला आहे. म्हणजे ज्या शब्दाचें पाठांतर करीत आम्ही ओसरीवर बसलों होतों, तोच शब्द आंत मातोश्रींच्या हातांत ठक्‌ठक्‌ वाजत होता. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरीं नकळत हिंसा घडण्याचीं पांच स्थानें सांगितलीं आहेत : चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा. धर्मशास्त्रकारांचा हेतु प्रायश्चित्ताचा. परंतु पुराणवस्तूंच्या संग्राहकास ती घरगुती साधनांची एक प्राचीन यादीच वाटावी. आमच्या प्रांतीं या साधनाचा जमिनींतला पुरावाही आहे. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाणयुगीन थरांत पुढेंमागें घासून दळण्याचे पाटे, आणि त्याहून पुष्कळ वरच्या, सातवाहनकाळच्या थरांत वाटोळीं फिरतीं जातीं मिळालीं. पाट्याकडून जात्याकडे जाणें ही घरगुती यंत्रांतील केवढी मोठी सुधारणा! ती कोणत्याही ताम्रपटांत नमूद नाहीं.

दुरुस्ती कोण करी? श्री. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' या ग्रंथांत (१९१५) बलुत्यांची व्यवस्था वर्णिली आहे, ती वाचकांस परिचित आहेच. सुतार व लोहार नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करीत आणि खळ्यावर आपला वांटा घेत. परंतु या व्यवस्थेच्या आंत आणखी एक विभागणी होती, तिजकडे दुर्लक्ष होतें. मोठें काम कारागिराचें आणि रोजचें काम घरच्याचें. नांगराचा फाळ शेवटणें लोहाराकडे, परंतु दोर वळणें, पाचर ठोकणें, कण्यास तेल देणें हें शेतकरी स्वतःच करी. जात्याचेंही तसेंच. नवें जातें पाथरवट घडवी. टाकी लावणारे फिरस्ते गल्लोगल्लीं हांक देत येत. पण खुंटा सैल झाला तर चिंधी गुंडाळून तो घट्ट बसविणें, माकडी झिजली तर नवी बसविणें, डाळ भरडावयाची असल्यास मधल्या खिळीची उंची वाढवून वरची तळी किंचित् उचलणें, हें घरची बाईच करी. खिळीची ही उंची केसभर बदलली तर पीठ बदलतें. यंत्राचें इतकें सूक्ष्म ज्ञान ज्यांच्या बोटांत होतें त्यांस आपण कधीं यंत्रज्ञ म्हटलें नाहीं.

आतां आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगणें प्राप्त आहे. काहीं वर्षांपूर्वीं आम्हीं तें जातें बाहेर काढलें आणि दारावर आलेल्या एका कारागिराकडून त्यास टाकी लावून घेतली. काम चोख झालें. मजुरी देऊन आम्ही कौतुकानें दगड न्याहाळीत बसलों, तेव्हां लक्षांत आलें कीं खालच्या तळीच्या कडेस दोन बोटें रुंदीचें एक कडें नव्या टाकीखालीं येतां येतां राहिलें आहे, आणि त्यावर निराळ्याच वळणाचे जुने खांचे आहेत. वरची तळी आज त्या कड्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणजे पूर्वीं वरची तळी मोठी होती; ती फुटली असावी व तिच्या जागीं लहान तळी आणलेली असावी. वरच्या तळीस खुंट्याचीं भोकें दोन : एक कडेस फुटून निकामी झालेलें, दुसरें त्याच्या समोर नवें पाडलेलें. मधली खीळ लोखंडाची, पण जिच्यांत ती ठोकली आहे ती खोबण तिच्या मानानें रुंद. म्हणजे आधीं तेथें लांकडी खीळ होती. एका जात्यांत निदान तीन दुरुस्त्या व एक सुधारणा नोंदलेली होती. आणि मधल्या भागावरची नोंद आम्हीं दाम देऊन पुसून टाकली होती. हस्तलिखितावर कोणीं नवी शाई फिरविली तर आम्ही त्यास बोल लावला असता. येथें तो बोल आमचा आम्हांसच लागला.

हें ऐकून एका संग्राहक स्नेह्यानें सल्ला दिला कीं, यापुढें जात्यास हात लावूं नये, तें कांचेच्या कपाटांत ठेवावें. घरांतून उलट प्रश्न आला : "जें दळत नाहीं तें जातें कसलें?" दोन्ही पक्ष सबळ आहेत. दुरुस्ती न केल्यास यंत्र मरतें. दुरुस्ती केल्यास पुरावा मरतो. या पेंचांतून वाट दाखविणारें उदाहरण आम्हांस आमच्या प्रांतांत नव्हे, पण आमच्या भाषाभ्यासांत सांपडलें. गिरनार येथील शिलेवर महाक्षत्रप रुद्रदामन् याचा प्रसिद्ध संस्कृत लेख आहे. इसवी सन १५० च्या सुमारास वादळानें सुदर्शन तलावाचा बांध फुटला. सुविशाख नामक अमात्यानें तो पुन्हां बांधविला. त्यासाठीं प्रजेवर जादा कर अथवा वेठ लादली नाहीं, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु लेख एवढ्यावर थांबत नाहीं. हा तलाव मूळ चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं पुष्यगुप्तानें करविला व अशोकाच्या काळीं तुषास्फानें त्यास पाट जोडले, हेंही तो नमूद करतो. मूळ कर्त्याचें नांव आपणांस ठाऊक झालें तें दुरुस्ती करणाऱ्याच्या प्रामाणिकपणामुळें. तीन शतकांनीं स्कंदगुप्ताच्या कारकीर्दींत पुन्हां बांध फुटला आणि त्याच शिलेवर दुसऱ्या दुरुस्तीचा लेख कोरला गेला. शिला एक, तिच्यावर दोन जीर्णोद्धार.

यावरून आम्हीं आपल्यापुरता नियम केला. गेल्या वर्षीं जात्याची टाकी पुन्हां बोथटली, तेव्हां प्रथम शिलालेखाचा घेतात तसा दोन्ही तळ्यांचा कागदावर ठसा घेतला, मापें टिपलीं, कडेचें जुनें कडें खडूनें आंखून वर्ज्य केलें, आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच बसलों. पहिल्या खेपेस घाव फार खोल गेले, आणि भाकरींत कच लागून आमचें हंसें झालें. दुसऱ्या खेपेस हात हलका ठेविला. तिसऱ्या दळणास पीठ मऊ पडलें. दगडावर टाकी किती तिरपी धरावी, हें आम्हांस कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नाहीं. कडेच्या जुन्या खांच्यांनीं शिकविलें. तो तिरपेपणा ज्या हाताचा होता, त्या हातास आमचा नमस्कार असो.

आज बहुतेक घरीं जातें नाहीं. घरघंटी आहे, मिक्सर आहे, पाण्याची मोटार आहे. त्यांसही झीज आहेच. घरघंटीची जाळी फाटते, मिक्सरच्या भांड्याचें पातें बोथटतें, मोटारीचा पट्टा ढिला पडतो. बिघाड झाला कीं वस्तु टाकून नवी आणावी, ही संवय आपणांस अलीकडेच लागली आहे. जो गृहस्थ जाळी स्वतः बदलतो आणि कोणत्या तारखेस बदलली तें झांकणाच्या आंतील बाजूस लिहून ठेवतो, तो नकळत सुविशाखाच्याच परंपरेंत बसतो.

संग्राहक बंधूंस शेवटीं दोन विनंत्या. एक, रुमालांतील सनदा व महजर जपून ठेवतांना, सुताराची मजुरी, तेल, दोर, चुना असल्या किरकोळ रकमांचे हिशेबी कागद रद्दी समजून टाकूं नयेत. यंत्र किती दिवस जिवंत होतें त्याची साक्ष तेच देतात. दोन, घरांतील जुनें साधन दुरुस्त करावें, अवश्य करावें, शक्य तों आपल्या हातांनीं करावें. परंतु आधीं त्याचा ठसा घ्यावा.

ज्या विद्यार्थ्यानें चौथा प्रश्न विचारला त्याचा ठावठिकाणा आज आम्हांस ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडल्यास त्यानें घरीं यावें. जातें चालू स्थितींत आहे.