प्रयत्नांती परमेश्वर, पण किती प्रयत्नांती? संगणकांच्या पुनर्प्रयत्नांचा इतिहास

१/ निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा आपण काय करतो? पुन्हा कळ दाबतो, आणि पुन्हा. त्याच क्षणी लाखो जण तेच करत असतात, म्हणूनच ते संकेतस्थळ लवकर सावरत नाही. 'अपयश तात्पुरते असेल तर पुन्हा प्रयत्न कर' हा आदेश आज असंख्य आज्ञावल्यांत लिहिलेला असतो. तो कसा लिहावा हे शिकायला जवळपास दोन दशके गेली आणि मध्ये एक मोठी पडझड झाली. हा धागा त्याविषयी.

२/ आरंभ हवाई बेटांवर होतो. जून १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांचे 'अलोहानेट' सुरू झाले. वेगवेगळ्या बेटांवरील यंत्रे एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाला संदेश पाठवत. कोणी कधी बोलावे याचे वेळापत्रक नव्हते. दोन यंत्रे एकाच वेळी बोलली की संदेशांची टक्कर होई आणि दोन्ही संदेश वाया जात.

३/ यावरचा उपाय साधा होता. मुख्य संगणकाकडून पोच आली नाही, तर संदेश पुन्हा पाठवायचा. पण दोन्ही यंत्रे सारखाच वेळ थांबली, तर पुन्हा टक्कर अटळ. म्हणून प्रत्येकाने यादृच्छिक काळ थांबायचे. चिठ्ठी टाकून क्रम ठरवावा, तसे. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के भागच उपयोगी पडतो, हे अब्रामसन यांनी गणिताने दाखवले.

४/ येथे बॉब मेटकाफ येतात. १९७२ मध्ये हार्वर्डने त्यांचा प्रबंध नाकारला होता. (संशोधक मित्रांनो, धीर धरा!) झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी अलोहानेटचे विश्लेषण प्रबंधात जोडले आणि १९७३ मध्ये तो स्वीकारला गेला. त्यांचा मुद्दा असा : गर्दी वाढली की टकरी वाढतात, टकरींमुळे पुनर्प्रयत्न वाढतात आणि त्यांमुळे गर्दी आणखी वाढते. म्हणून थांबण्याचा काळ गर्दीनुसार बदलला पाहिजे.

५/ हाच विचार 'इथरनेट'मध्ये उतरला. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम असा, की प्रत्येक टकरीनंतर प्रतीक्षेची मर्यादा दुप्पट करायची आणि त्या मर्यादेत यादृच्छिक काळ थांबायचे. पुढे प्रमाणित झालेल्या इथरनेटमध्ये ही दुपटीची वाढ दहाव्या टकरीनंतर थांबते आणि सोळा प्रयत्न फसले की यंत्र हार मान्य करते. केव्हा थांबायचे, हेही नियमातच लिहिलेले होते.

६/ दुसरा प्रश्न : कोणते अपयश तात्पुरते? ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलचे नियम लिहिले. त्यांत ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे तात्पुरती अडचण, नंतर पुन्हा या. ५ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार, तीच विनंती घेऊन परत येऊ नका. हा भेद ईमेलमध्ये आजही तसाच आहे.

७/ आता संकट. जानेवारी १९८४ मध्ये जॉन नेगल यांनी एका टिपणात धोक्याची सूचना दिली. मधल्या यंत्रांपाशी रांग वाढली की पोच उशिरा येते. पाठवणाऱ्याला वाटते, पॅकेट हरवले. तो दुसरी प्रत पाठवतो. मूळ पॅकेट मात्र रांगेतच उभे असते! आता रांगेत एकाच मजकुराच्या अनेक प्रती. या अवस्थेला त्यांनी 'गर्दीमुळे कोसळणे' म्हटले.

८/ ऑक्टोबर १९८६ मध्ये ते घडले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांत अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. आठशे पटींनी कमी! कागद हातात घेऊन चालत गेले असते, तर मजकूर लवकर पोहोचला असता.

९/ या घटनेत खलनायक शोधून सापडत नाही. कोणी हल्ला केला नव्हता. प्रत्येक संगणक आपले काम नियमाप्रमाणे करत होता : पोच आली नाही, म्हणून पुन्हा पाठवत होता. एकट्याच्या दृष्टीने योग्य असलेली चिकाटी सर्वांनी एकाच वेळी दाखवली आणि सामायिक रस्ता बंद पडला.

१०/ व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी कारणे शोधली. जेकबसन यांचा निबंध १९८८ मध्ये आला. सूत्र असे : एक पॅकेट जाळ्यातून बाहेर पडल्याशिवाय नवे आत सोडू नये. आरंभ हळू करावा, पॅकेट हरवले तर ती गर्दीची खूण मानून वेग उतरवावा, आणि प्रत्येक फसलेल्या पुनर्प्रयत्नानंतर प्रतीक्षा वाढवत न्यावी. हरवलेल्या पॅकेटचा अर्थच बदलला. पूर्वी तो 'पुन्हा पाठव' एवढाच होता, आता 'थोडा मागे सर' असाही झाला.

११/ हा उपाय मधल्या यंत्रांत बसवला नाही. तो दोन्ही टोकांच्या संगणकांत, बर्कलीच्या युनिक्समधून पसरला. ऑक्टोबर १९८९ मध्ये आंतरजालाच्या नियमांनी तो बंधनकारक केला. पण प्रत्येक संगणकावर देखरेख ठेवणारा शिपाई तेव्हाही नव्हता, आजही नाही. बरेचसे काम या संयमावर चालते.

१२/ धडा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने गिरवावा लागतो. २० सप्टेंबर २०१५ रोजी ॲमेझॉनच्या 'डायनॅमोडीबी' सेवेत जाळ्याचा अल्पकाळ व्यत्यय आला. व्यत्यय संपला, तरी साठवण यंत्रांच्या पुनर्प्रयत्नांखाली एक अंतर्गत सेवा दबलेलीच राहिली. अखेर तिच्याकडे येणाऱ्या विनंत्या काही काळ थांबवाव्या लागल्या, तेव्हा ती सावरली.

१३/ म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्या वाचकांनो, पुनर्प्रयत्नाचा आदेश लिहिताना चार प्रश्न विचारा. अपयश खरोखर तात्पुरते आहे का? प्रतीक्षा वाढत जाते का? ती यादृच्छिक आहे का? आणि शेवटी हार मानण्याची सोय आहे का? ही चारही उत्तरे १९८२ पर्यंत कोणी ना कोणी लिहून ठेवली होती. १९८६ ची पडझड त्यानंतरची आहे.

(धागा समाप्त)