मुंबईचा जॅझ आणि आपली मिरवणूक

गेल्या वर्षी विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत मंडळातल्या एका मुलीने सहज सांगितले, "मला दोन दिवस एकटीने मुंबईला जायचंय. जॅझ ऐकायला, चार माणसांना भेटायला." बैठक क्षणभर गप्प झाली. मग नेहमीचे प्रश्न सुरू झाले. एकटीच कशाला? तिथे ओळखीचे कोण? दादरला मावशी असताना हॉटेल कशाला? आणि शेवटी, "जॅझ म्हणजे ते विलायती ना? आपला त्याच्याशी काय संबंध?" हा शेवटचा प्रश्न आमचाच होता. मुलगी काही बोलली नाही. आम्हाला मात्र तो प्रश्न वर्षभर पुरला. शोध घेत गेलो, तो थेट आपल्या विसर्जन मिरवणुकीपर्यंत येऊन पोहोचलो.

जॅझचा जन्म अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला, तिथल्या कृष्णवर्णीय समाजातला. एक ठरलेली चाल घ्यायची आणि प्रत्येक वादकाने ती आपल्या परीने, जागच्या जागी खुलवायची, ही त्याची रीत. आपल्याकडे बंदिश तीच, पण गवई दर मैफलीत ती नव्याने मांडतो, तसेच हे. म्हणूनच रेकॉर्ड कितीही ऐकली तरी समोर बसून ऐकण्याची सर तिला येत नाही.

मुंबईत हे संगीत खऱ्या अर्थाने रुजले ते 1935 च्या सुमारास. त्या वर्षी लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना वर्णभेद सोसावा लागत होता, त्यांना हजारो मैलांवरच्या या परक्या शहरात मान मिळाला.

त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवले जाई. ही मुले पोटासाठी मुंबईला येत, बहुधा एकटीच. उतरायला धोबी तलाव, माझगाव भागात गावागावाचे 'कूड' असत. नाममात्र भाडे, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सर्वांची एकत्र प्रार्थना. बोटीवरचा खलाशी, आचारी, ट्रंपेटवाला सारे एकाच छताखाली. कुठे काम आहे, कोणाला वादक हवा आहे, ही खबर तिथेच लागे.

हे वाचताना आम्हाला पांडेसराच आठवले. धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेली आपली माणसे अशीच आली. एका खोलीत आठ-दहा जण, पाळीप्रमाणे झोपायचे, गावच्या माणसाच्या शब्दावर डाइंग मिलमध्ये नाहीतर लूमवर लागायचे. त्यांनाही घरच्यांनी विचारलेच असेल, "तिथे ओळखीचे कोण?"

पुढचा धागा तर आपल्या घरातलाच आहे. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होती. त्या मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. गुजरातने तो पुढे तसाच चालू ठेवला. त्याच कायद्याखाली आपण आजही राहतो. 2011 मध्ये फक्त त्याच्या नावातले 'मुंबई' जाऊन 'गुजरात' आले. या दारूबंदीने मुंबईच्या हॉटेलांतला नाचगाण्याचा व्यवसाय आक्रसला आणि वादकांना सिनेमाच्या स्टुडिओचा मोठा आधार झाला. संगीतकार चाल गाऊन दाखवी, गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवून वाद्यावाद्याला वाटून देई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचे नाव गाण्यात अजरामर झाले.

हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट वाजवत. लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते साहाय्यक झाले पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचे. 1951 साली 'अलबेला' आला. नायक आणि दिग्दर्शक होते गिरणी कामगाराचे पुत्र भगवान पालव, अर्थात भगवानदादा. त्यातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

आता आपली मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. बाप्पा पुढे निघालेले, बँजो पार्टी रंगात आलेली, आणि एखादे आजोबा खांदे उडवत, हात हलकेच फिरवत, जागच्या जागी डोलत नाचत आहेत. ती पावले भगवानदादांची. ज्या वाद्यमेळावर ती प्रथम पडली, त्यात ताजमधल्या जॅझचा श्वास होता. ज्याला आम्ही परके म्हणत होतो, त्याच्या तालावर आम्ही जन्मभर नाचत आलो. ज्यांनी तो घडवला त्यांची नावे मात्र आम्हाला ठाऊक नव्हती.

पुढेही मुंबईने ही परंपरा राखली. 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन, 1964 मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग तिथे वाजवून गेले. 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबी तलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली. सोनी रोलिन्स यांच्यासारखा दिग्गज त्यात वाजवून गेला. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये जॅझचे कार्यक्रम होतात. 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. दुसऱ्या दिवशी 1 मेची सुट्टी, महाराष्ट्राचा आणि गुजरातचाही स्थापना दिन. आपल्यासारख्या दोन्ही घरच्या माणसांना याहून चांगला मुहूर्त कुठला?

तेव्हा त्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या इतरांसाठी, आमचा हा बेत. पहाटेची फ्लाइंग राणी धरावी. सकाळीच मुंबई सेंट्रल. दुपारी धोबी तलावला चक्कर मारून कुडांच्या जुन्या इमारती पाहाव्यात. तिकीट आधी काढावे, पुढची खुर्ची घ्यावी. मैफल संपली की लगेच उठू नये. वादक वाद्ये आवरत असतात, तेव्हा जवळ जाऊन "छान झालं" एवढे म्हणावे. ओळख तिथूनच सुरू होते. राणी संध्याकाळीच परत निघते, म्हणून मुक्काम आलाच. तो मावशीकडे करायचा की आणखी कुठे, हे जाणाऱ्याने ठरवावे.

बैठकीतला आमचा प्रश्न आम्ही या लेखाने मागे घेतो. परत आल्यावर तिने यंदाच्या आरतीनंतर चार गोष्टी सांगाव्यात, एवढीच विनंती. तेवढ्यासाठी ध्वनिक्षेपक आम्ही पाच मिनिटे मोकळा ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!