जुन्या आयसीची नाडीपरीक्षा

एका शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांनी अंक दाखवणारे यंत्र बांधायला घेतले होते. कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यातून ७४४७ या क्रमांकाच्या चार जुन्या आयसी मिळाल्या होत्या. एकेक लावून पाहिली, पण अंकदर्शक अंधारातच. "सर, चारही मेल्यात!" असा निकाल देऊन मुले त्या फेकायला निघाली. मी तेथे पाहुणा म्हणून गेलो होतो. चारही एकदम कशा मेल्या, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर दडले होते ते या आयसीच्या इतिहासात.

१९५८ साली जॅक किल्बी यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पहिली आयसी करून दाखवली. १९६१ मध्ये जेम्स ब्यूई यांनी ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, म्हणजे टीटीएल, ही मांडणी शोधली. टेक्सासने १९६४ मध्ये लष्करी उपयोगाची ५४०० मालिका आणली आणि १९६६ मध्ये प्लास्टिकच्या वेष्टनातील स्वस्त ७४०० मालिका. आमची ७४४७ याच घराण्यातली. चार तारांवरून द्विमान पद्धतीतला आकडा घ्यायचा आणि अंकदर्शकाच्या सात पट्ट्यांपैकी योग्य त्या पेटवायच्या, हे तिचे काम.

आम्ही तपासणी सुरू केली. सोळाव्या पायावर ५ व्होल्ट होते, आठवा जमिनीला जोडलेला होता. मग तिसरा पाय जमिनीला जोडला. हा पाय खास दिवे तपासण्यासाठी ठेवलेला असतो. लगेच साती पट्ट्या पेटल्या आणि ८ दिसला. आयसी जिवंत होती! तीन आयसींनी ही परीक्षा दिली. चौथीची मात्र एक पट्टी पेटेना. तोच अंकदर्शक इतर तिघींबरोबर पूर्ण पेटत होता, म्हणजे ती एक आयसी खरोखर बिघडलेली होती.

मग तिघी गप्प का होत्या? मुलांनी आकडा देणारा प्रत्येक पाय १०,००० ओहमच्या रोधातून जमिनीला जोडला होता. बटण दाबले की ५ व्होल्ट, म्हणजे '१'. सोडले की '०', अशी त्यांची कल्पना. मल्टिमीटर लावला, तर बटण सोडलेले असतानाही पायावर सुमारे दीड व्होल्ट दिसला. टीटीएलमध्ये '०' मानायला ०.८ व्होल्टपेक्षा कमी दाब लागतो. शिवाय '०' देताना आयसीच्या त्या पायातून प्रवाह बाहेर येतो, जास्तीत जास्त १.६ मिलिअँपिअर. तो जमिनीत वाहून न्यावा लागतो. ओहमचा नियम लावा: ०.८ भागिले ०.००१६, म्हणजे ५००. रोध ५०० ओहमपेक्षा मोठा नको! म्हणजे चारही तारांवर आयसी '१' वाचत होती. द्विमान ११११ म्हणजे १५, आणि १५ आला की सर्व पट्ट्या विझवायच्या, अशीच ७४४७ ची रचना आहे. ती बिचारी आज्ञा पाळत होती.

मुलांचीही चूक म्हणता येणार नाही. त्यांचे पुस्तक सीमॉस आयसींवरचे होते. फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आणि १९६८ मध्ये आरसीएच्या मालिकेतून बाजारात आलेल्या या पद्धतीत आत येणाऱ्या संकेताच्या वाटेवर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. तेथे १०,००० ओहम अगदी योग्य.

आम्ही ३३० ओहमचे रोध लावले आणि शून्य उमटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. १, २, ३ करत सहावर आलो, तोच कुणी ओरडले, "वरची पट्टी गेली!" पण दिव्यांच्या तपासणीत ती पेटली होती. ७४४७ चा ६ वरच्या पट्टीविना आणि ९ खालच्या पट्टीविनाच आखलेला आहे. पुढे ७४२४७ मध्ये त्या पट्ट्या जोडल्या गेल्या.

वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. एखादी वस्तू बिघडली असे म्हणण्यापूर्वी ती कोणत्या काळातली आहे आणि आपण तिला नेमके काय सांगितले, हे मोजून पाहायची सवय मुलांना लागेल. त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात चार नव्हे, एकच आयसी गेली.