तात्कालिक गती : भास्कराचार्यांपासून सीहोरपर्यंत

स्मार्तांची एकादशी आज आणि भागवतांची उद्या असे पंचांगात आले, की देवळाच्या ओसरीवर चर्चा रंगते. तिथीचा क्षय का होतो आणि वृद्धी का होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर चंद्राच्या गतीत आहे. आणि ह्या गतिविचाराच्या इतिहासातील एक पान आम्हां इंदूरकरांच्या शेजारीच, माळव्यात, लिहिले गेले.

आधी गती म्हणजे काय ते पाहू. इंदूरहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. मोटारीने सव्वा तासात महाकालाच्या नगरीत पोचलो, तर सरासरी वेग ताशी ४४ किलोमीटर झाला. परंतु वाटेत सांवेरला चहासाठी थांबलो तेव्हा वेग शून्य होता, आणि मोकळ्या रस्त्यावर कदाचित ७०. सरासरी सबंध प्रवासाचा हिशेब देते. ह्या क्षणाचा देत नाही.

चंद्राचेही असेच आहे. मध्यम मानाने तो दिवसाला १३ अंश १० कलांहून थोडे अधिक चालतो. प्रत्यक्षात ही चाल १२ अंशांच्या किंचित खालपासून १५ अंशांच्या किंचित वरपर्यंत बदलते. सूर्यापासूनचे त्याचे अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. म्हणून तिथी कधी सुमारे २० तासांत आटोपते, तर कधी जवळजवळ २७ तास रेंगाळते. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (इ. स. ११५०) स्थूल आणि तात्कालिक असा गतीचा भेद केला, तो ह्याच अडचणीपायी. आजच्या व उद्याच्या स्थानांतील अंतर ही स्थूल गती; परंतु तिथीचा अंत जवळ असता चंद्राची त्या वेळचीच गती घ्यावी, कारण ती क्षणोक्षणी सारखी नसते. भुजज्येतील सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम त्यांनी येथे योजिला.

आता सीहोर. इंदूरहून भोपाळास जाताना हे गाव लागते. तेथे ब्रिटिशांचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन ह्यांनी संस्कृत पाठशाळेत सिद्धांतग्रंथांचे अध्यापन सुरू केले. त्यांचे सहकारी सुबाजी बापू ह्यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ १८३६ साली मराठीत निघाला. भास्कराचार्यांपासून कोपर्निकसपर्यंतची वाट आमच्या मायबोलीत माळव्यातून दाखविली जावी, ह्याचे आम्हांस आजही कौतुक वाटते.

बापूदेव शास्त्री हे ह्याच पाठशाळेचे विद्यार्थी. नागपुराहून विल्किन्सनसाहेबांनीच त्यांना आणले होते. पुढे काशीस अध्यापक असता १८५८ साली त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तात्कालिक गतीकडे विद्वानांचे लक्ष वेधले व भास्कराचार्यांना चलनकलनाचे तत्त्व अवगत होते, असे प्रतिपादिले. विल्यम स्पॉटिसवुड ह्यांनी १८६० साली त्यावर आक्षेप घेतला : कालखंड कितीही लहान करीत जाण्याची कल्पना त्या मांडणीत स्पष्ट नाही. आम्हांस हा आक्षेप सर्वस्वी अमान्य करवत नाही. गती का बदलते, तिच्यामागे कोणते बल असते, हेही भास्कराचार्यांनी सांगितलेले नाही. त्यासाठी न्यूटनचा १६८७चा ग्रंथ यावा लागला. परंतु क्षणाची गती ही दिवसाच्या गतीहून निराळी वस्तू आहे, हे त्यांनी ओळखले होते, आणि ती ओळख लहान नव्हे.

बापूदेवांनी पुढे काशीस नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे पंचांगही काढले. साहजिकच जुन्या गणिताच्या पंचांगांशी त्याच्या तिथींचा मेळ बसेना, आणि ओसरीवरच्या वादाला आणखी एक विषय मिळाला.